बदली होणार आहे का रे तुझी?

‘खोली कशी लावावी’ हा विषय वाचून सोफ्याला मॅचिंग पडदे, कोपऱ्यात पितळी समई असं काही डोळ्यांसमोर आलं असेल तर खुशाल पान उलटा. आपल्याकडे सोफा नाही. कोपरा आहे, पण तिथे बादली आहे. हा लेख हॉस्टेलच्या खोलीबद्दल आहे, आणि त्यात माझं म्हणणं एकच: हॉस्टेलची खोली म्हणजे वेटिंग रूम नव्हे. सामान उघडा, आणि ते लावायला जागाही द्या. यातलं पहिलं वाक्य विद्यार्थ्यांसाठी आहे आणि दुसरं ऑफिससाठी.

आधी थोडं गणित करू. आपली खोली दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. तीन कॉट, प्रत्येकी सहा बाय तीन, झाले ५४. तीन टेबलं, तीन बाय दोन, १८. तीन लोखंडी कपाटं, तीन बाय दीड, साडेतेरा. बेरीज साडेपंच्याऐंशी. उरले साडेचौतीस. त्यात दार आत उघडतं. तीन फुटी दाराचं पाव वर्तुळ म्हणजे सात चौरस फूट, ते वजा करा. राहिले साधारण सत्तावीस, भागिले तीन, माणशी नऊ चौरस फूट. दोन वर्तमानपत्रं उलगडून पसरली की तुमची जमीन संपली!

आता भिंती मोजा. खोलीचा घेर ४४ फूट, उंची १०, म्हणजे ४४० चौरस फूट. दार-खिडकी वजा केली तरी चारशेच्या घरात. म्हणजे जमीन नाही, पण भिंत भरपूर. आणि नेमकं नियमावलीत काय लिहिलंय? ‘भिंतीवर खिळे ठोकू नयेत, चित्रे अथवा कागद चिकटवू नयेत.’ असो. त्याकडे नंतर येतोच.

आमच्या मजल्यावर कुणाला नाव नसतं, गाव असतं. मी खेड. रत्नागिरीतलं, पुण्याजवळचं नव्हे, हे चार वर्षांत निदान शंभर वेळा सांगून झालंय. कॅप राउंडच्या कृपेने मी विदर्भात येऊन पडलो. येताना सोबत एक ट्रंक, एक वळकटी आणि आईने दिलेला कोकमाचा डबा. पहिल्या दिवशी ट्रंक कॉटखाली सरकवली. ‘चार वर्षांचा तर प्रश्न, कशाला पसारा मांडायचा?’ असं मनाशी म्हणालो. कपडा हवा की ट्रंक ओढायची, कपडा काढायचा, ट्रंक ढकलायची. कपाट दिलेलं होतं, पण त्यात जर्नलं आणि ड्राफ्टर ठेवला होता. भिंतीवर फक्त टाइमटेबल होतं, तेही आधीच्या मुलांनी लावलेलं आणि आधीच्या वर्षाचं.

त्या खोलीत माझा एक पार्टनर होता परभणी. त्याने तर ट्रंकेचं कुलूपही काढलं नाही. म्हणजे काढायचा, पण लगेच लावायचा आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घालायचा. गादीवर चादर नाही, उशीला अभ्रा नाही. दर शनिवारी गावी. आम्ही त्याला ‘पाहुणा’ म्हणून चिडवायचो. दिवाळीच्या सुट्टीला गेला तो परत आलाच नाही. आठवड्याने त्याचे काका आले, ट्रंक उचलली, दोन मिनिटांत गेले. त्या कॉटवर त्याची अशी एकही वस्तू उरली नव्हती. चार महिने एक माणूस तिथे राहिला होता यावर विश्वास बसला नसता.

खोली नीट लावली असती तर तो राहिला असता, असं मी म्हणत नाही. त्याला घरची ओढ होती, मॅथ्सची भीती होती, मेसचं जेवण पचत नव्हतं. आता तो गावाजवळच बी.एस्सी. करून मजेत आहे. पण एक गोष्ट मला लागून राहिली आहे. वर्षभराने त्याचा फोन आला तेव्हा त्याने विचारलं, “आता खोली कशी आहे रे तुझी?” आणि मला काही सांगताच येईना. “आहे… बरी आहे,” एवढंच म्हणालो. ज्या खोलीत मी रोज झोपत होतो तिच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याजवळ एक वाक्यसुद्धा नव्हतं. आम्ही त्याला पाहुणा म्हणत होतो. पाहुणा तर मीही होतो, फरक इतकाच की मी शनिवारी गावी जात नव्हतो.

सेकंड इयरच्या जानेवारीत बाबा आले. इतक्या लांब ते पहिल्यांदाच येत होते. रेक्टर सरांच्या परवानगीने दोन रात्री माझ्याच खोलीत राहिले. आले, चप्पल दारात काढली, कॉटवर बसले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, वाकून कॉटखालची ट्रंक बघितली आणि म्हणाले, “बदली होणार आहे का रे तुझी?”

मला आधी कळलंच नाही. “म्हणजे?”

“नाही, सामान लावलेलं दिसत नाही. म्हटलं, आजउद्या हलायचंय की काय.”

मी म्हटलं, “बाबा, हे हॉस्टेल आहे, घर थोडंच आहे? अडीच वर्षांनी सोडायचंच आहे.”

बाबा हसले. इथे बाबांबद्दल सांगायला हवं. ते एसटीत कंडक्टर आहेत. ज्यांच्या गावाला मुक्कामाची गाडी येते त्यांना ठाऊक असेल. संध्याकाळी गाडी डेपोतून निघते, शेवटच्या गावात रात्री थांबते आणि पहाटे परत फिरते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात, नाहीतर शाळेच्या ओट्यावर, देवळात, जिथे जागा मिळेल तिथे. बाबांनी अशा शेकडो रात्री काढल्यात. त्यांची पत्र्याची पेटी असते. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक छोटा आरसा, गणपतीचं चित्र आणि आमचा, म्हणजे आईचा, माझा आणि ताईचा, फोटो डकवलेला आहे. लहानपणी मला वाटायचं, फोटो पेटीच्या आत कशाला? बाहेर लावला तर लोकांना दिसेल तरी.

बाबा म्हणाले, “मुक्कामाला उतरलो की आधी दोरी बांधायची. मग जागा झाडायची. मग पेटी उघडून झाकण भिंतीला टेकवायचं. झालं घर. पहाटे पाचला सोडायचंच असतं. सोडायचं आहे म्हणून कुणी उघड्या मातीवर झोपतं का?”

मी गप्प बसलो. आठ तासांसाठी माणूस दोरी बांधतो, आणि मी दीड वर्ष ट्रंकेवर बसून काढलं होतं.

त्या दोन दिवसांत बाबांनी आणि मी खोली लावली. एकूण खर्च साडेतीनशेच्या आत, तोही तिघांत वाटलेला. पुढे माझ्या आणि पार्टनर लोकांच्या डोक्याने त्यात भर पडत गेली. फर्स्ट इयरच्या मंडळींना उपयोगी पडेल म्हणून क्रमाने सांगतो.

पहिली दोरी. खिडकीच्या गजापासून व्हेंटिलेटरच्या जाळीपर्यंत, डोक्याच्या वर हातभर. टॉवेल, ओले कपडे, उद्याचा शर्ट, सगळं तिच्यावर जातं आणि कॉट मोकळी होते. विचार करून बघा, आपल्या खोलीतला निम्मा पसारा म्हणजे कॉटच्या दांड्यावर आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेले कपडेच असतात. पण पावसाळ्यात ओले कपडे खिडकीशीच ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत वाळवलं की त्यातलं पाणी भिंतीत जातं आणि कपाटामागे बुरशी धरते. त्यासाठी कपाटही भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवावं, म्हणजे मागे हवा खेळते.

दुसरा झाडू. बाबांनी कॉट, कपाटं सगळं ओढून झाडलं. कपाटामागे तीन पेनं, एक व्हर्निअर कॅलिपर आणि आधीच्या कुठल्यातरी सीनिअरचं हॉलतिकीट सापडलं. गाद्या दिवसभर उन्हात टाकल्या. ज्यांच्याकडे ढेकूण आहेत (खोटं बोलू नका, आहेत) त्यांच्यासाठी सांगतो, नुसत्या उन्हाने भागत नाही. ते गादीच्या सावलीच्या बाजूला पळतात. उशा, चादरी काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कडक उन्हात ठेवाव्या. पन्नास अंशांच्या पुढे ढेकूण तग धरत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या गच्चीवर काळ्या पिशवीत तेवढं तापमान सहज होतं. आणि कॉटच्या फटीत उकळतं पाणी. सीनिअरने फुकट दिलेली गादी मात्र कितीही मऊ असली तरी घेऊ नका. तिच्यासोबत काय काय येतं ते अनुभवाने सांगतोय.

तिसरा दिवा. आपल्या खोलीत छताच्या मध्यावर एकच ट्यूब असते, आणि टेबलं भिंतीला लावलेली. म्हणजे दिवा आपल्या पाठीशी आणि आपलीच सावली वहीवर! दीड वर्ष मी माझ्याच सावलीत इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या शीट काढल्या, आणि रेषा वाकड्या येतात म्हणून पेन्सिलला दोष दिला. टेबलावर नऊ वॅटचा एलईडी दिवा डाव्या बाजूला ठेवा (डावखुरे असाल तर उजव्या). फिजिक्सच्या सरांनी शिकवलेला व्यस्त वर्गाचा नियम इथे कामाला येतो. दिवा दोन फुटांवरून एक फुटावर आणला की उजेड जवळजवळ चौपट होतो, बिल तेवढंच. दिवा घेताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा बघा. ६५०० म्हणजे पांढरा निळसर, ३००० म्हणजे पिवळसर. अभ्यासाला पांढरा चालेल, पण एक तरी दिवा पिवळा असू द्या. रात्री तो एकटा लावला की खोलीचं रूपच बदलतं. पोरं उगाच येऊन बसतात.

इथे रेक्टर सरांच्या बाजूचं एक बोलतो. एक्स्टेंशन बोर्ड. आपलं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट. तीन लॅपटॉपचे चार्जर प्रत्येकी ६५ वॅटचे धरले तरी १९५ होतात, वर दिवे, मोबाइल, काही बिघडत नाही. पण पाणी तापवायचा रॉड एकटाच १५०० वॅटचा. तो त्याच बोर्डावर लावणारा महाभाग इलेक्ट्रिकलचा असेल तर त्याची डिग्री काढून घ्यावी. वायर गरम लागली तर समजा की ती तुम्हाला काहीतरी सांगतेय.

चौथा पडदा. तो आला आईच्या जुन्या सुती साडीचा, पार्सलने. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, त्यात खिडकी, व्हेंटिलेटर आणि कपाटाचं मोडकं दार एवढं झाकून वर टेबलावर घालायला तुकडा उरला. शिवायलाही नको, दोरी ओवायची आणि सेफ्टी पिना. सांगलीच्या आईची, सोलापूरच्या आईची अशा साड्या मग मजल्यावर येत गेल्या. आमच्या विंगचा व्हरांडा आता लांबून लग्नघरासारखा दिसतो असं वॉचमन काका म्हणतात.

पाचवा कूलर, आणि हे मला अकोल्याने शिकवलं. आम्ही कोकणातले, आम्हाला घाम ठाऊक, कूलर ठाऊक नाही. मी पहिल्या उन्हाळ्यात दारं-खिडक्या घट्ट बंद करून कूलर लावला आणि अर्ध्या तासात खोलीचं कोकण झालं! कूलर हवा थंड करतो ती पाण्याची वाफ करून. ती ओली हवा बाहेर जायला वाट हवी. समोरचं व्हेंटिलेटर किंवा दार थोडं उघडं ठेवलं तरच गारवा राहतो. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्याचा डास होऊन उडतो. बाटलीतल्या मनीप्लांटचं पाणीही त्याच हिशेबाने बदला.

मनीप्लांटवरून आठवलं. ‘झाडाने खोलीची हवा शुद्ध होते’ असं सांगून कुणी दोनशे रुपयांची कुंडी विकत असेल तर घेऊ नका. त्यासाठी नासाच्या १९८९ सालच्या प्रयोगाचा दाखला देतात. तो प्रयोग खरा आहे, पण तो झाला होता हवाबंद पेटीत. खऱ्या खोलीत तेवढा परिणाम साधायचा तर झाडं इतकी लागतील की आपल्याला बाहेर झोपावं लागेल. २०१९ साली जुन्या प्रयोगांची आकडेमोड पुन्हा करून शास्त्रज्ञांनी तेच दाखवलंय. हवेसाठी खिडकी उघडा. झाड लावा ते वेगळ्या कारणासाठी. सुट्टीवरून आल्यावर ‘अरे, नवं पान आलं’ असं म्हणायला खोलीत काहीतरी असावं म्हणून.

आता खिळ्याची गोष्ट. निघायच्या दिवशी बाबांनी सगळं लावून झाल्यावर कालनिर्णय काढलं. “कॅलेंडर नसलं तर घर वाटत नाही,” म्हणाले आणि एक खिळा ठोकला. ठोकताना पोपडा पडला, हाताच्या पंज्याएवढा. बाबांना फार वाईट वाटलं. त्यांनी टूथपेस्ट लावून तो बुजवला, वरून कॅलेंडर टांगलं. एप्रिलअखेर खोल्यांची तपासणी झाली. माझ्या अनामत रकमेतून दोनशे रुपये कापले, पावतीवर ‘भिंतीचे नुकसान’. बाबांना मी ते सांगितलेलं नाही. आणि जूनमध्ये नेहमीप्रमाणे नव्याने अलॉटमेंट झाली, मजला बदलला, खोली बदलली, पार्टनर बदलले. दोरी, पडदा, दिवा सगळं सोडून पुन्हा ट्रंकेत.

रागावलो होतो हे खरं. पण सिव्हिलच्या मित्राने समजावलं तेव्हा सरांची बाजूही पटली. प्लॅस्टर असतं जेमतेम अर्धा इंच. त्यात नुसता खिळा ठोकला की तो धरतही नाही आणि भेग मात्र पडते. दर वर्षी दोनशे खोल्यांत प्रत्येकी पाच खिळे धरले तर हजार पोपडे. तेव्हा खिळ्यावर बंदी समजू शकते. न समजणारी गोष्ट ही, की बंदी घालताना दुसरं काहीच दिलेलं नाही. तीन जणांच्या खोलीत टॉवेल टांगायला एक हूक नाही! बाजारात मिळणारे चिकट हूक म्हणाल तर ते चुन्याच्या भिंतीला धरत नाहीत, चुन्याचा पापुद्रा घेऊन खाली येतात. (लोखंडी कपाटावर मात्र छान बसतात. आणि त्याहून स्वस्त उपाय म्हणजे जळलेल्या स्पीकरमधलं चुंबक. माझ्या कपाटाच्या दारावर टाइमटेबल, किल्ल्या आणि कात्री अशी चुंबकांवर आहे. भिंतीला धक्का नाही, पावती नाही.)

आपल्या जुन्या घरांची आठवण करा. आजोळी भिंतीत कोनाडा असायचा, त्यात दिवा किंवा देव. भिंतीत लाकडी खुंटी असायची, तिच्यावर टोपी, पिशवी. फडताळ भिंतीतच बसवलेलं. छताला दांडी, तिच्यावर वाळत घातलेली धोतरं-लुगडी. आढ्याला शिंकाळं, त्यात दुधाचं भांडं. ज्याने भिंत बांधली त्याला ठाऊक होतं की इथे माणूस राहणार आहे आणि माणसाला काहीतरी टांगायचं असतं. जमीन तेव्हाही कमीच होती, आणि घरात माणसं आपल्या तिघांपेक्षा जास्त. आपण आरसीसी शिकलो, पण खुंटी विसरलो.

कुणी म्हणेल, विद्यार्थीदशेत साधेपणा हवा, सजावट कसली? मान्य. पण साधेपणा म्हणजे काय ते बघायला मी तुम्हाला सेवाग्रामला नेतो. आपल्याकडून एनएसएसची सहल वर्ध्याला गेली होती तेव्हा बापूकुटी पाहिली. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा ते सेगाव नावाचं खेडं होतं. मातीच्या भिंती, कौलं, चटई, बसून लिहायचं बुटकं डेस्क, मोजक्या वस्तू. याहून साधी खोली सापडणं कठीण. आणि त्या खोलीच्या भिंतीवर काय आहे? मातीच्याच उठावात काढलेली ताडाची झाडं आणि चरखा. मीराबहनने आपल्या हाताने केलेली. मी बराच वेळ बघत उभा होतो. खर्च म्हणाल तर शून्य, भिंतीचीच माती. पण कुणीतरी तिथे मन लावून हात फिरवलाय हे इतक्या वर्षांनी आपल्याला दिसतं. साधेपणा आणि ओकंबोकंपणा यांतला फरक मला त्या भिंतीने शिकवला.

आपल्याही हॉस्टेलात अशी एक भिंत होती. पहिल्या मजल्यावर जिन्याच्या वळणाशी पालघरकडच्या एका सीनिअरने गेरूवर पांढऱ्या रंगात वारली चित्र काढलं होतं. वारली लोकांत लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, बायका लिहितात. ही कला जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. तर आमच्या सीनिअरच्या चित्रात तारपा वाजवणारा होता, त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसं होती, आणि नीट बघितलं तर त्यातल्या एकाच्या काखेत ड्राफ्टर होता. मेसला जाताना रोज दिसायचं. मागच्या उन्हाळी सुट्टीत रंगकाम निघालं आणि त्यावर चुना फिरला. कुणी मुद्दाम केलं नाही, कंत्राटदाराला कोण सांगणार? पण कुणालाच विचारलं नाही, हेच तर माझं म्हणणं. एवढाच चुना शिल्लक होता तर गच्चीवर मारायचा होता. पांढरी गच्ची ऊन परतवते, वरच्या मजल्यावरची पोरं रात्री झोपली तरी असती.

म्हणून ऑफिसकडे, रेक्टर सरांकडे तीन मागण्या, अगदी नम्रपणे.

एक, प्रत्येक खोलीत सहा फूट उंचीवर भिंतीच्या लांबीची एक लाकडी पट्टी, तीन इंच रुंद, रावळप्लग घालून स्क्रूने पक्की बसवलेली. मग पोरांना त्या पट्टीत काय खिळे ठोकायचे ते ठोकू द्या. प्लॅस्टर वाचेल, दंडाच्या पावत्या वाचतील आणि टॉवेलही टांगला जाईल. मजुरी नको, वर्कशॉपमध्ये कार्पेंट्रीच्या जॉबला आम्ही दरवर्षी लाकूड कापून कापून भुसा करतोच. त्याऐवजी या पट्ट्या करू द्या.

दोन, सेकंड इयरपासून खोली निदान दोन वर्षं एकच राहू द्या. दहा महिन्यांनी सोडायचीय म्हटलं की कुणी ट्यूबचा स्टार्टरही बदलत नाही. दोन वर्षं राहणारा माणूस गळकी तोटी स्वतःहून दुरुस्त करून घेतो.

तीन, रंग देण्याआधी एकदा विचारा. एवढंच.

सर, रागावू नका, पण तुमच्या ऑफिसात खुर्चीमागे एक कॅलेंडर आहे. ते खिळ्यावर आहे. तो तिथे असायलाच हवा, त्याशिवाय ती खोली तुमची वाटणार नाही.

आणि माझ्या ज्युनिअर मित्रांनो, पट्टी येईल तेव्हा येईल. तोवर तिची वाट बघत ट्रंकेवर बसू नका. थर्ड इयरला नव्या खोलीत गेलो तेव्हा संध्याकाळी सात वाजता दोरी बांधली आणि नऊ वाजता आमच्याकडे चहा पिणारी पाच माणसं होती. फायनल इयरला दीड तासच लागला. हात बसतो. आणि शेजारच्या कॉटवरच्याने ट्रंक उघडली नसेल तर त्याला पाहुणा म्हणून चिडवू नका. दोरीचं एक टोक त्याच्या हातात द्या आणि म्हणा, “जरा धर रे.” परभणीला आम्ही हे कधी म्हटलं नाही.

मे महिन्यात मी जाईन. माझी दोरी, पिवळा दिवा आणि मनीप्लांटची बाटली खोलीतच राहील, जो येईल त्याची. साडीचा पडदा मात्र नेणार आहे. बाबा येणार आहेत सामान न्यायला. या वेळी त्यांना खरंच विचारता येईल, आणि मलाही खरं उत्तर देता येईल, “हो बाबा, बदली झाली.”